सिझर, जास्त रक्तस्राव, पिशवी काढणं आणि अंगावरचं दूध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळंतिणींना पाजायला मदत करणं हे माझं काम. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, बहुतेक रात्री दोन-तीनच्या सुमारास. पुष्कळदा ते सासूबाईंच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवरून आलेले असतात, कारण बाळंतिणीचा फोन कुठे आहे हे तिलाच ठाऊक नसतं. प्रश्नांचे शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. तुमच्या तब्येतीचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील, पण त्यांना नेमकं काय विचारायचं हे इथून कळेल.

१. सिझर झालं की दूध येत नाही, हे खरं आहे का?

नाही. दूध सुरू होण्याचा इशारा वारेकडून मिळतो. वार पोटात असते तोवर प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक भरपूर असतं आणि ते दुधाला अडवून धरतं. वार बाहेर पडली की ते झपाट्याने उतरतं. मग मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतलं प्रोलॅक्टिन कामाला लागतं. वार खालून पडली की पोट उघडून काढली, याचा शरीराला फरक पडत नाही.

उशीर मात्र होऊ शकतो. तो होतो वेदना, ताण, जास्त रक्त जाणं आणि मुख्य म्हणजे बाळ वेळेवर छातीशी न येणं यांमुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. गोव्यात तर दहापैकी जवळजवळ चार. सिझरने दूध जात असतं, तर गोव्यातली दहातली चार पोरं वरच्या दुधावरच वाढली असती.

२. आज तिसरा दिवस. छाती मऊच आहे, काही उतरलंच नाही. किती वाट बघू?

साध्या बाळंतपणात दूध साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतं. सिझरनंतर चौथा, कधी पाचवा दिवसही उजाडतो. ७२ तास उलटले की आम्ही त्याला ‘उशीर’ म्हणतो, ‘नाही’ म्हणत नाही.

पण वाट बघणं म्हणजे स्वस्थ पडून राहणं नव्हे. या काळात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा बाळ छातीशी लागलं पाहिजे, नाहीतर हाताने चीक पिळून काढला पाहिजे. पाचव्या दिवसानंतरही छातीत जडपणा जाणवत नसेल, तर कारण शोधायचं: थायरॉइड, मधुमेह, पीसीओएस, वारेचा उरलेला तुकडा (प्रश्न १२), खूप रक्त जाणं (प्रश्न १०). तोवर बाळाचं पोट भरतंय का, हे प्रश्न ७ वरून ताडून बघा.

३. चीक चमचाभरसुद्धा निघत नाही. एवढ्यात बाळाचं काय होणार?

पहिल्या दिवशी एका वेळेला बाळ साधारण २ ते १० मिलिलिटर पितं. म्हणजे चहाचा अर्धा चमचा ते दोन चमचे. चीक थोडाच असतो, घट्ट आणि पिवळसर असतो, आणि निरोगी, दिवस भरलेल्या बाळाला पहिले दोन दिवस तेवढाच लागतो. तिसऱ्या दिवशी हीच भूक एका वेळेला १५ ते ३० मिलिलिटरवर जाते.

हाताने पिळून थेंबच आले, म्हणून बाळालाही थेंबच मिळतात असं समजू नका. नीट लागलेलं बाळ हातापेक्षा आणि पंपापेक्षा जास्त ओढतं. ‘चीक जड असतो, टाकून द्या’ असं अजूनही कुणी कुणी सांगतं. गाय व्यायली की आपण चिकाचा खरवस करून आवडीने खातो आणि आपल्याच बाळाचा चीक फेकायला सांगतो!

मध, साखरपाणी, जन्मघुटी यांतलं काहीही चाटवू नका. मध तर वर्षभर नाही.

४. मला भूल दिली होती. ती उतरेपर्यंत पाजायचं नाही ना?

कमरेत सुई देऊन भूल दिली असेल, तर तुम्ही जाग्याच असता. टाके घालणं चालू असतानाही बाळ छातीवर ठेवता येतं. पूर्ण भूल दिली असेल, तर शुद्ध येऊन बाळ धरण्याइतपत भान आलं की लगेच पाजा. तोवर भुलेचं औषध दुधात नावापुरतंच उरलेलं असतं, ते पिळून टाकायची गरज नाही.

जन्मानंतर तासाभरात बाळ छातीशी लागावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे प्रश्न १ मधल्या त्याच सर्वेक्षणात हे देशभरात फक्त ४१.८ टक्के बाळांच्या बाबतीत झालेलं दिसलं. सिझरमध्ये हा तास हमखास बाळ पुसणं, तोलणं आणि बाहेर नातेवाइकांना दाखवणं यात जातो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच सांगून ठेवा: ‘बाळ बरं असेल तर आधी माझ्याकडे द्या.’ मांडता आलं नाही तर नवऱ्याला सांगायला लावा. तासाची गाडी चुकली, तरी सहाव्या तासाला लावा. उशिरा लावलेलंही कामी येतं.

५. टाक्यांमुळे उठून बसता येत नाही. पाजू कशी?

पहिले दोन दिवस बसायचा हट्ट सोडा. मांडी घालून, बाळ मांडीवर आडवं घेऊन पाजणं हे आपल्या डोळ्यांसमोरचं चित्र, पण त्यात बाळाचे पाय नेमके टाक्यांवर येतात.

कुशीवर झोपून पाजणं सगळ्यात सोपं. पाठीशी एक उशी, गुडघ्यांमध्ये एक, आणि टाक्यांवर घडी केलेली चादर, म्हणजे बाळाने लाथ मारली तरी कळ येणार नाही. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर, पोट तुमच्या पोटाला लागलेलं. कूस बदलायला दुसऱ्याचा हात घ्या. यात कसली लाज?

बसता यायला लागलं की काखेतली पकड: बाळ तुमच्या कुशीला उशीवर, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे, डोकं तुमच्या तळहातात. पोटावर काहीच भार येत नाही. जुळ्यांना एकदम पाजायलाही हीच पकड. तिसरी रीत म्हणजे पलंगाची डोक्याकडची बाजू वर करून रेलायचं आणि बाळ खांद्यावरून तिरकं, उताणं नव्हे, पालथं, छातीवर ठेवायचं. पुष्कळ बाळं मग स्वतःच शोधत जाऊन लागतात.

कोणत्याही पकडीत बाळाच्या तोंडात नुसतं बोंड जाता कामा नये, भोवतालचा काळा भागही बराचसा गेला पाहिजे. पाजताना दुखत राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि परत लावा.

आणि दुखण्याची गोळी वेळेवर घ्या. कळ सोसत बसलं की पान्हा अडतो. वेदनेत शरीर जे ॲड्रेनलिन सोडतं, ते पान्हा फोडणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येतं. सोसण्याचं कौतुक आपल्याकडे फार आहे, बाळाला त्याचा काही उपयोग नाही.

६. एवढी इंजेक्शनं आणि गोळ्या चालू आहेत. दूध विषारी होणार नाही का?

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक चालतात. सिझरनंतर नेहमी देतात ती सेफ्ट्रायाक्सोन, ॲमॉक्सिसिलिन-क्लाव्ह, मेट्रोनिडॅझोल ही अँटिबायोटिक्सही चालतात. बाळाची शी थोडी पातळ होईल इतकंच. रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन आणि वॉरफरिन चालतं. बीपीसाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन चालतात. सीटी स्कॅनचं किंवा एमआरआयचं रंगद्रव्य टोचलं, तरी पाजणं थांबवायचं कारण नाही.

ट्रामाडॉल आणि कोडीनबद्दल जपून. ही औषधं काही बायकांच्या शरीरात फार वेगाने तीव्र रूपात बदलतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये पाजत्या आयांनी ती टाळावीत असा इशारा दिला. आपल्याकडे ट्रामाडॉल सर्रास देतात. साध्या गोळीवर भागत असेल तर तसं विचारा. घेतलंच असेल तर बाळ नेहमीपेक्षा सुस्त आहे का, ओढायला उठतंय का, श्वास नीट आहे का, याकडे लक्ष ठेवा आणि वेगळं वाटलं तर लगेच दाखवा.

कर्करोगाची औषधं आणि किरणोत्सारी आयोडीन ही गोष्ट वेगळी, तिथे थांबावंच लागतं. दूध कमी करणाऱ्या गोळ्यांसाठी प्रश्न १५ पाहा.

७. बाळाला पुरतंय की नाही, कळणार कसं? आणि वजन घटलं म्हणून वरचं दूध सुरू करायला सांगितलंय.

लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळ्या डांबरासारखी, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मोहरीसारखी पिवळी. पाजताना गिळण्याचा आवाज यावा. बाळ रडतंय एवढ्यावरून भूक ठरवू नका, आणि गप्प झोपलंय म्हणून पोट भरलं असंही समजू नका.

वजन सगळ्याच बाळांचं घटतं. जन्माच्या वजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत काळजी नाही. त्यापुढे पाजणं समोर बसून तपासायचं, आणि १० टक्क्यांवर गेलं तर डॉक्टरांनी बाळ लगेच बघायला हवं. सिझरच्या बाळांच्या बाबतीत एक गोम आहे. आईला सलाईन बरंच दिलेलं असतं, त्यातलं थोडं पाणी बाळाच्या अंगातही असतं. ते पहिल्या दिवशी लघवीवाटे जातं आणि तराजूवर घट मोठी दिसते. म्हणून काही अभ्यासक २४ तासांचं वजन मूळ धरावं म्हणतात. वजनाच्या जोडीला लंगोट सांगा, नुसत्या आकड्यावर निर्णय नको. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर यायला हवं.

बाळ उठवूनही उठत नाही, आठ तासांत लघवी नाही, तिसऱ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग, कावीळ पोटापर्यंत उतरली, टाळू खोल गेली, यांतलं काहीही दिसलं तर हे पान बंद करा आणि दवाखाना गाठा.

वरचं दूध खरंच लागलं, तर पहिली पसंती तुमच्याच पिळलेल्या दुधाला, मग दूधपेढीतल्या (इतर आयांनी दिलेल्या) दुधाला, मग पावडरीला. वाटी-चमचा किंवा आजीच्या काळातलं बोंडलं वापरा, बाटली नको. प्रत्येक वरच्या दुधाच्या वेळेला छातीही रिकामी करा, नाहीतर शरीराला वाटतं की मागणी नाही. आणि हे माहीत असू द्या: दवाखान्यात फुकट पावडरीचा डबा हातात ठेवणं १९९२ च्या कायद्याने बंद आहे.

८. बाळ काचेच्या पेटीत आणि मी आयसीयूत. आता दूध टिकेल कसं?

पान्हा बाळाच्या ओढण्यावर चालतो, पण हातालाही तो दाद देतो. शस्त्रक्रियेनंतर जमल्यास सहा तासांच्या आत चीक काढायला सुरुवात करा. पहिले दोन-तीन दिवस पंपापेक्षा हात बरा. चीक चिकट असतो, पंपाच्या नळीलाच लागून राहतो.

रीत अशी. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. त्वचेवर घासू नका. थेंब स्वच्छ चमच्यात किंवा सिरिंजमध्ये धरा. दर दोन-तीन तासांनी दोन्ही बाजू, रात्रीही एकदा तरी. आठव्या दिवशी येणारं दूध पहिल्या चार दिवसांच्या या कंटाळवाण्या कामावर ठरतं.

तुम्ही व्हेंटिलेटरवर असाल, तर हे काम नर्स करू शकते, आणि शिकवल्यास आई किंवा बहीणही करू शकते. कुटुंबाने ते मागून घ्यावं लागतं. सगळ्यांचं लक्ष जीव वाचवण्याकडे असतं, तेही बरोबरच. पण छाती कुणाच्या यादीत नसते.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास राहतं. विदर्भाच्या मे महिन्यात हा हिशोब विसरा, थेट फ्रिजमध्ये. पेटीतल्या बाळासाठी त्या विभागाचा नियम विचारा. तुमचं दूध येईपर्यंत कमी दिवसांच्या बाळाला दूधपेढीचं पाश्चराइज केलेलं दूध देता येतं. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईत शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

९. सासूबाई पाणी पिऊ देत नाहीत, टाके पिकतील म्हणतात. भात, तुरीची डाळही बंद. आळीव आणि शतावरीने दूध वाढतं का?

पाण्याने टाके पिकत नाहीत. तुरीच्या डाळीने पू होत नाही. तहान लागेल तितकं प्या. पाजताना तहान लागतेच, तांब्या हाताशी ठेवा. पहिले सहा महिने पाजत्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. भात-वरण काढून घेतलं तर त्या येणार कुठून?

आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपू, लसूण, खसखस हे सगळं पोषक आहे, जरूर खा. आळिवात लोह चांगलं असतं, आणि रक्त गेलेल्या बाईला त्याची गरज आहे. पण लाडू छाती रिकामी करत नाही, ते काम बाळाचंच. शतावरीबद्दल ठोस पुरावा तोकडा आहे. घेतल्याने बिघडत नाही, पण तिच्या भरवशावर पाजण्याच्या फेऱ्या चुकवू नका. सासूबाईंशी वाद न घालता डॉक्टरांकडून पथ्य कागदावर लिहून आणलं, तर घरातलं राजकारण बरंच थंडावतं, असा माझा अनुभव.

१०. माझं खूप रक्त गेलं, तीन बाटल्या चढवल्या. दूध कमी येतंय, त्याचा संबंध आहे का?

असू शकतो. जास्त रक्त गेलं की दूध भरायला उशीर होतो, अशक्तपणामुळे बाळ वारंवार घेतलं जात नाही, आणि हिमोग्लोबिन फार खाली असेल तर दूध कमी राहण्याची शक्यता वाढते. चढवलेल्या रक्ताने दुधाला काही होत नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस देतात, त्या पंधरवड्यात सोडू नका. डॉक्टरांना शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा.

बहुतेकींचं दूध आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतं. ज्या मोजक्या जणींचं वाढत नाही त्यांच्यासाठी प्रश्न १३ वाचा.

११. रक्त थांबेना म्हणून पिशवीच काढली. आता दूध येणारच नाही ना?

येईल. दूध बनवण्यात गर्भपिशवीचा हात नाही. अंडाशय काढावे लागले, तरी पान्हा त्यावर अवलंबून नाही. वार निघाली आणि पीयूषिका शाबूत आहे, एवढं पुरे.

हा प्रश्न विचारणाऱ्या बायका बहुधा दुसरंच काही विचारत असतात. आधीच्या दोन-तीन सिझरच्या व्रणावर वार चिकटून बसते, ती सुटत नाही, आणि तासाभरात पिशवी जाते. पुढचं मूल होणार नाही हे कुणीतरी वऱ्हांड्यात नवऱ्याला सांगतं, बाईला नंतर कळतं. त्या रडण्याला ‘रडू नकोस, दूध आटेल’ असं उत्तर देऊ नका. रडल्याने दूध आटत नाही. तिला रडू द्या, बाळ मात्र तिच्या उघड्या छातीवर ठेवा, ते तिच्यासाठीही असतं.

१२. डॉक्टर म्हणाले वारेचा तुकडा आत राहिला असेल. त्याने दूध अडतं?

हो. तुकडा प्रोजेस्टेरॉन बनवत राहतो आणि शरीराला बाळंतपण झालं असं वाटतच नाही. जोडीला रक्त जास्त जाणं, गाठी पडणं, ताप किंवा घाण वास असेल तर सोनोग्राफी करून घ्या. तुकडा निघाल्यावर बहुतेकींना दोन-तीन दिवसांत दूध भरून येतं. चिकटलेली वार डॉक्टरांनी मुद्दाम आतच ठेवली असेल, तरीही असाच उशीर होऊ शकतो.

१३. पंधरा दिवस सगळं केलं, एक थेंब नाही. माझंच काही चुकलं का?

फार मोठा रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला असेल, तर पीयूषिका ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून तिला इजा होऊ शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. ब्रिटिश डॉक्टर हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये त्याचं वर्णन केलं. दूध अजिबात न येणं हे त्याचं अनेकदा पहिलं लक्षण. पुढे पाळी परत न येणं, काखेतले केस विरळ होणं, थंडी सहन न होणं, कमालीचा थकवा, चक्कर, साखर उतरणं.

हे क्वचित होतं, पण दुर्लक्ष झालं की वर्षानुवर्षं ‘अशक्तपणा’ या नावाखाली खपतं. संप्रेरकांच्या डॉक्टरांकडून कॉर्टिसॉल, थायरॉइड, प्रोलॅक्टिन तपासून घ्या. उपचार आहेत, आणि ते आधी तुमच्या जिवासाठी लागतात. या आजारात अंगावरचं दूध येईलच असं सांगता येत नाही. यात तुमच्या प्रयत्नांची कसूर नाही. पावडर स्वच्छ पाण्यात, डब्यावर लिहिल्या मापाने, निर्धास्त मनाने द्या.

१४. छाती दगडासारखी झालीय, बाळाला तोंडात धरताच येत नाही.

सलाईनची सूज आणि भरलेलं दूध एकाच दिवशी आलं की असं होतं. बाळ लावायच्या आधी स्तनाग्राभोवती बोटांच्या टोकांनी मिनिटभर छातीकडे हलकं दाबून धरा. सूज मागे सरते, काळा भाग मऊ पडतो. मग लावा. पाजून झाल्यावर थंड घडी ठेवा. जोरजोराने चोळू नका. लाल, दुखरा भाग आणि ताप असेल तर डॉक्टर, पण पाजणं चालूच.

१५. दूध वाढवायची गोळी लिहून द्याल का?

मी औषध देत नाही. डॉक्टर कधी डॉम्पेरिडोन देतात. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ते धोक्याचं, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने नको. मेटोक्लोप्रमाइडने काहींना उदासी येते. छाती वरचेवर रिकामी होत नसेल तर दोन्हींचा फारसा उपयोग नाही.

उलट बाजूही तपासा. कॅबरगोलिन दूध आटवण्यासाठीच असतं. रक्तस्रावासाठी दिलेल्या मिथाइल-अर्गोमेट्रिनच्या गोळ्या बरेच दिवस चालल्या तर दूध कमी होऊ शकतं, सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिनही तसंच. गर्भनिरोधकांत इस्ट्रोजेन असलेली गोळी पहिले सहा महिने टाळा. कॉपर टी चालते. सरकारी ‘अंतरा’ इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर घेता येतं.

१६. टाक्यांत पू झालाय. पाजू?

पाजा. जखमेतला पू दुधात जात नाही. हात साबणाने धुवा, पट्टी झाकलेली ठेवा, औषधं प्रश्न ६ प्रमाणे.

१७. तीन आठवडे आजारी होते, पाजलंच नाही. आता परत सुरू होईल?

पुष्कळदा होतं, बाळ दोन-तीन महिन्यांच्या आतलं असेल तर जास्त सहज. कपडे बाजूला सारून बाळ दिवसातून काही तास छातीवर, त्वचेला त्वचा. दिवसाला आठ-दहा वेळा ओढायला लावायचं. बाळ चिडतं, कारण दूध येत नाही. म्हणून बारीक नळीचं एक टोक स्तनाग्राशी चिकटवा, दुसरं दुधाच्या वाटीत. बाळ छातीला ओढतं, दूध नळीतून येतं, शरीराला मागणी कळते. पहिल्यांदा हे शिकवणारी बाई शेजारी हवी. थेंब दिसायला आठवडा, पुरेसं व्हायला महिनाही लागतो. वरचं दूध एकदम तोडू नका, वजन बघत थोडं थोडं कमी करा.

काही जणींचं अर्ध्यावरच थांबतं. अर्धं अंगावरचं आणि अर्धं वाटीतलं, असं वर्षभर चालवलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

१८. मला आता हे जमत नाही. बंद केलं तर चालेल?

चालेल. एकदम बंद करू नका, छाती दाटून गाठी होतील. दर दोन-तीन दिवसांनी एक वेळ गाळा, फार जड वाटलं तर हलकं होण्यापुरतंच पिळा. आणि ‘जमत नाही’ यात झोप न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, जीव नकोसा होणं हेही येत असेल, तर आजच घरात कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यावरची बरीच औषधं पाजतानाही चालतात.